सरकत्या चर्चखालची सुतळी

सुज्ञ वाचकांस नम्रपणे विदित करण्यात येते की, पुढील मजकुरात आमच्या बुखारेस्ट नगरीतील चाळणीवाल्यांच्या चर्चचे स्थलांतर, त्या चर्चच्या नव्या पायात ठेवली गेलेली एक सुतळी, आणि त्या सुतळीपायी प्रस्तुत लेखकाने भोगलेले त्रेसष्ट दिवसांचे भय, यांचा वृत्तांत जसा घडला तसा कथन केलेला आहे. लेखकाचे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंत झाले असून पुढील आयुष्य गवंडीकामात गेले. तथापि ग्रंथवाचनाची आवड असल्याने हे धारिष्ट केले आहे.

हल्ली परदेशी प्रवासी आमच्या नगरीत येतात. ते विजय-कमान पाहतात, अथेनेउमचा घुमट पाहतात, ते डोंगराएवढे लोकसदन पाहतात, आणि अर्धा तास उरल्यास आमच्या चर्चकडे वळतात. दहा मजली इमारतीच्या पाठीमागे, कपडे वाळत घालण्याच्या तारांपलीकडे, ते उभे आहे. ओसरीला पिळाचे सहा दगडी खांब असून त्यांवर द्राक्षवेल कोरलेला आहे. आत पश्चिमेच्या भिंतीवर ज्या सरदाराने ते बांधविले त्याचे चित्र आहे, आणि त्याच्या दोन्ही तळहातांवर याच चर्चची इवलीशी प्रतिकृती आहे. वाटाडी बाई सांगते की, ही अखंड वास्तू जागची उचलून रुळांवरून येथे आणली. प्रवासी मग रूळ शोधतात. रूळ केव्हाच काढून नेले. पायाकडे कोणी पाहत नाही, आणि ते एका अर्थी बरेच आहे.

सन एकोणीसशे पंच्याऐंशी. नव्या हमरस्त्यासाठी आमच्या भागातील घरे पाडली जात होती. चर्च मात्र ब्याण्णव मीटर मागे सरकवून वाचवावे, अशी परवानगी कशीबशी मिळाली. भिंती मुळाशी कापल्या, खाली काँक्रीटचा तबकासारखा चौथरा ओतला, तो रुळांवर चढविला, आणि मागून जॅक लावले. दिवसाला चार मीटर याप्रमाणे तेवीस दिवसांचे काम होते.

माझ्याकडे काचपट्ट्या होत्या. भिंतीला जेथे जेथे भेग असे तेथे पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी प्लास्टरने चिकटवावयाची. भिंत केसभर हलली तरी काच ‘टिक्’ करून तुटते. अशा एकेचाळीस पट्ट्या मी दररोज सकाळी तपाशीत असे आणि म्हणत असे, “सगळ्या शाबूत, कॉम्रेड इंजिनिअर.” इंजिनिअर कोर्ब्यानू ह्या बाई होत्या. त्या सिगारेट न विझविता मान हलवीत.

आमच्यात सर्वांत जुने गवंडी पांदेलेकाका. वय सदुसष्ट, आदल्या हिवाळ्यात पत्नी वारलेली. ते बोलत कमी, परंतु एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पाव खाली ठेवून विषय काढला.

“भिंती कापल्या ते ठीक झालं. पण ह्याची सावली तिकडंच राहिली, जुन्या पायात.”

“कुणाची सावली?” बाईंनी विचारले.

“बांधताना जिची कुणाची मापून पुरली असेल तिची. ती मातीत राहिली. आता हे चर्च बिनसावलीचं चाललंय.”

“काका, त्या भिंतीवरच्या सरदाराला सांगा ना,” जॅकवाला मित्रूत्स म्हणाला. “त्यानं आधीच हातात धरलंय. नेऊन ठेवू दे त्यालाच.”

सर्व हसले. मी हसलो नाही. कारण माझ्या गावी हे सर्व मी लहानपणापासून ऐकलेले होते. वास्तू उभी राहावयाची तर पायात कोणाची तरी सावली द्यावी लागते. गवंडी त्या माणसाच्या नकळत त्याची सावली दोरीने मापतो आणि ती दोरी पायात चिणतो. तो माणूस चाळीस दिवसांच्या आत मरतो आणि त्या वास्तूचा राखणदार होतो. म्हणूनच बांधकामाजवळून कोणी जाऊ लागल्यास आमच्याकडे वरून हाक मारतात, “सावली सांभाळा हो.” शहरात ही हाक थट्टा झाली होती. आमच्या परांचीवरचे लोक एकमेकांना नमस्काराऐवजी तेच म्हणत.

चर्च सरकू लागले त्या पहिल्याच दिवशी दुपारी माझी पत्नी स्मारांदा जेवण घेऊन आली. ती सूतगिरणीत दुसऱ्या पाळीला होती. मक्याची मामालिगा आणि चीज फडक्यात बांधून ती नव्या पायाच्या खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. तिची सावली खड्ड्यात पडली होती. खाली पांदेलेकाका गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या हातात सुतळी होती.

“सरक गं पोरी,” ते म्हणाले.

“का, माझी सावली जड होतेय का तुम्हाला?” ती हसून म्हणाली, आणि सरकली नाही.

मी पाहत होतो. सुतळी तिच्या सावलीच्या पायांपासून निघाली आणि डोक्यापर्यंत गेली. काकांनी ती दातांनी तोडली, गुंडाळली आणि खिशात घातली. त्याच दिवशी, काम सुटण्यापूर्वी, मी त्यांना पायाच्या पूर्वटोकाच्या भिंतीतील एका कोनाड्यापाशी पाहिले. त्यांनी आत काही ठेवले, वरून विटेचा तुकडा बसविला, चुना फिरविला, आणि आपल्या छातीवर क्रूसाची खूण केली.

“काय ठेवलंत काका?”

“जे ठेवायचं असतं ते.”

वाचकहो, त्या उत्तरानंतर मी मनात स्मारांदाचे दिवस मोजावयास लागलो.

चौथ्या दिवशी स्मारांदाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. सातव्या दिवशी तिची कांती मेणासारखी झाली. डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि तिला साथीच्या इस्पितळात नेले. आत कोणास सोडीत नसत. नातेवाइकांनी अंगणात उभे राहावयाचे आणि रुग्णाने खिडकीत यावयाचे, असा तेथील प्रघात होता. ती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत येत असे आणि आम्ही शंभर लोकांदेखत संसाराची बोलणी करीत असू.

“काय खाल्लंस?” मी विचारी.

“बटाटा. उकडलेला. काल काय खाल्लं ते विचार, म्हणजे बटाटा म्हणते.”

“भिंतीजवळ उभी राहा जरा. बाजूला.”

“का?”

“मला तुझी सावली बघायचीय.”

“निकिफोर, कावीळ मला झालीय, डोक्यावर परिणाम तुझ्या झालाय.” शेजारच्या खिडकीतील बाया हसल्या. ती भिंतीजवळ सरकली. ढगाळ दिवस होता. भिंतीवर काहीही दिसले नाही.

कोणास सांगावे? इंजिनिअरबाई हसल्या असत्या. काकांना विचारावे तर उत्तराची भीती वाटे, कारण ते खरे बोलणारे गृहस्थ होते. मी केवळ दिवस मोजीत राहिलो. सकाळी काचपट्ट्या पाहावयाच्या, दिवसभर चर्च पुढे सरकताना पाहावयाचे, आणि सायंकाळी इस्पितळाच्या अंगणात उभे राहावयाचे. ते चर्च मला दिवसेंदिवस भयानक भासू लागले. ती वास्तू चालताना कोणास दिसत नसे. दृष्टी रोखून पाहिले तर ती स्थिर असे. परंतु पाव खाऊन मान वर करावी तो रुळांवरील खडूची खूण तिच्या पोटाखाली गेलेली असे. तिच्यासमोर पूर्वटोकाचा तो कोनाडा होता, आणि ती त्याच्याच दिशेने येत होती. एकदा ती वर येऊन बसली, खालची फट काँक्रीटने भरली, की मग ती सुतळी जगाच्या अंतापर्यंत कोणास काढता येणार नव्हती.

बाविसाव्या दिवशी स्मारांदा खिडकीत आली नाही. मी खालून तीन वेळा हाक मारली. अखेर एक परिचारिका डोकावली.

“झोपलीय ती. बाटली लावलीय.”

“उठवा ना एकदा.”

“उठत नाहीये, म्हणून तर बाटली लावलीय. जा घरी.”

मी घरी गेलो नाही. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आलो आणि निश्चय केला.

तेविसाव्या दिवशी सकाळी एकेचाळीसही पट्ट्या शाबूत होत्या. चर्च जागेपासून तीन मीटरवर थांबले होते. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. लोक डांबराच्या भट्टीपलीकडे सावलीला बसले, इंजिनिअरबाई दूरध्वनीसाठी गेल्या. मी थापी आणि छिन्नी घेऊन खड्ड्यात उतरलो. ऊन माथ्यावर होते. माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ, ते एवढे चर्च रुळांवर उभे होते, आणि लोखंडातून अधूनमधून बारीक कुरकुर ऐकू येत होती. जॅक बंद होते हे मला ठाऊक होते. तरीही मी दर ठोक्याला मागे वळून पाहत होतो.

चुना निघाला, विटेचा तुकडा निघाला. आत हात घातला तेव्हा बोटांना काही मऊ लागले. ती सुतळीच होती, नीट गुंडाळलेली, मध्ये एक गाठ. ती मी मुठीत घेतली, त्याच क्षणी पाठीमागे चर्चच्या आत ‘टिक्’ असा आवाज झाला.

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. एक काच तुटली होती. तेवीस दिवसांत एकही तुटली नव्हती, आणि मी हात काढताच तुटली. त्या क्षणी मला जे वाटले ते प्रामाणिकपणे लिहितो. मला वाटले की, ते चर्च मला विचारीत आहे की मग दुसरे कोण. आणि कोनाडा रिकामा ठेवून मी वर गेलो, तर ते स्वतः शोधील, आणि ते कोठे शोधील हे मला ठाऊक होते.

माझ्या खिशात ओळंब्याची दोरी होती. मी ताठ उभा राहिलो. माझ्या टोपीची सावली ज्या खडीवर पडली ती ध्यानात ठेवली, बूट जेथे होते तेथून त्या खडीपर्यंत दोरी मापली, तोडली, कोनाड्यात ठेवली, विटेचा तुकडा बसविला आणि चुना फिरविला. थापी दोनदा हातातून पडली. वर येऊन पहिली सुतळी भट्टीच्या तोंडात टाकली. ती एका श्वासात जळाली.

तुटलेली पट्टी सतरावी होती, भिंतीवरील सरदाराच्या चित्राच्या खालची.

“एक गेली, कॉम्रेड इंजिनिअर.”

“किती सरकली?”

“केसभर.”

“शेवटच्या दिवशी केसभर म्हणजे फुकटच,” त्या म्हणाल्या. “चला, जॅक.”

पाच वाजता चर्च आपल्या जागी बसले. मित्रूत्सने लपवून आणलेली त्सुइका दारूची बाटली काढली. मी आनंदात होतो असे म्हणता येणार नाही, परंतु स्मारांदा आता सुटली असे मनास वाटत होते. इतक्यात पांदेलेकाका पूर्वटोकापाशी एकटे गेलेले दिसले. त्यांनी चौथऱ्यावर तळहात ठेवला, आणि जणू शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते हळूच म्हणाले,

“साल्वीना, आता कुणी हलवणार नाही तुला. थंडी वाजली तर सांग.”

साल्वीना हे त्यांच्या मृत पत्नीचे नाव होते.

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही कोनाड्यात काय ठेवलंत?”

“तिचं माप.” ते मान न वळविता म्हणाले. “ती गेली तेव्हा मापून मेणबत्ती केली ना, तिच्या उंचीची. तेव्हा दोन सुतळ्या मापल्या. एकीची वात केली, एक ठेवली. म्हटलं, मेलेलं माणूस पुन्हा मरत नाही. जित्या माणसाला कशाला घालायचं पायात? आणि तिला हे चर्च आवडायचं. लग्न इथंच झालं आमचं.”

“आणि त्या दिवशी स्मारांदा उभी होती, तेव्हा सुतळी—”

“ओळंब्याला दोरी कापत होतो मी. तुझी बायको मधे उभी. सरक म्हटलं तर हसायला लागली.”

वाचकहो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे पुस्तकांतून वाचलेले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. मी त्यांना सर्व सांगितले. 

“जाळलीस?”

“हो.”

“कशात?”

“डांबराच्या भट्टीत.”

“तिला डांबराचा वास सोसायचा नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले. मग त्यांनी विचारले, “आणि कोनाडा? रिकामा?”

“नाही.”

“मग काय ठेवलंस?”

“माझी.”

आता त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांतील राग गेला होता, आणि जे आले होते ते रागापेक्षा वाईट होते. ती कीव होती.

“किती वाजता मापलीस?”

“दुपारी. सुट्टीत. अडीच-तीन वीतच भरली, काका. गुडघ्याएवढी.” मला वाटले ते म्हणतील की, एवढ्याने काही होत नाही.

“सावली लांबीवर नसते रे,” ते म्हणाले.

फट भरणारी काँक्रीटची गाडी तोपर्यंत रिकामी झाली होती.

तेथून माझे चाळीस दिवस सुरू झाले. नवव्या दिवशी स्मारांदा घरी आली, अशक्त परंतु डोळे पांढरे झालेले. काविळीला उतरावयास जेवढा काळ लागतो तेवढा लागून ती उतरली होती. ती सुधारत गेली आणि मी उतरत गेलो. मी ट्रामच्या रुळांपासून दूर चालू लागलो. परांची बांधलेल्या इमारतीखालून जाईनासा झालो. मासा खाताना काटा अडकेल म्हणून मासा सोडला. दाढी करताना वस्तरा गळ्याशी आला की हात थांबे, म्हणून दाढी वाढली. सर्वांत वाईट म्हणजे ऊन. ऊन पडले की मी खाली पाही, आणि माझी सावली मला आदल्या दिवसापेक्षा फिकट वाटे.

“तुला कुणी बाई भेटलीय का?” स्मारांदाने एके दिवशी विचारले.

“नाही.”

“मग सुकतोयस कशानं? बाई असती तर दाढी तरी केली असतीस.”

मी तिला सांगितले. तिने चमचा खाली ठेवला. मला वाटले ती हसेल. तिने विचारले, “माझ्यासाठी?”

“हो.”

“आणि मला न विचारता?” तिचा आवाज चढला. “मी इस्पितळात बटाटे खात जगायची धडपड करत होते आणि तू इकडं मला न विचारता मेलास? आता किती दिवस राहिले?”

“अकरा.”

मग ती रडली. त्यानंतरचे अकरा दिवस तिने मला एकट्याने जिनाही उतरू दिला नाही. ती मागून शर्ट धरून चालत असे.

चाळिसाव्या दिवशी मी सकाळीच चर्चमध्ये जाऊन बसलो. मरावयाचेच तर राखण करावयाच्या जागी मरावे, असा विचार होता. आत कोणी नव्हते. प्रार्थना बंद होत्या, चुन्याचा वास येत होता. मी सतराव्या पट्टीखाली बसलो आणि काचांकडे पाहत राहिलो. दुपारी पांदेलेकाका आले. भट्टीच्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नव्हते. त्यांनी पाव आणि कांदा आणला होता. तो मध्ये ठेवून ते माझ्या शेजारी बसले.

“तुम्ही कशाला आलात, काका?”

“तू गेलासच, तर तुझ्याबरोबर साल्वीनाला निरोप द्यायचाय.”

आम्ही बसून राहिलो. ऊन खिडकीतून भिंतीवर चढले, सरदाराच्या हातातील चर्चवर आले आणि विझले. एकदा वर कोठे तरी लाकूड कडकडले. काकांनी माझे मनगट धरले, ते सोडले नाही. एकही काच तुटली नाही. दिवस मावळला.

“झाले चाळीस,” काका म्हणाले. “जा घरी.”

मी उठलो, उंबरठ्यापर्यंत गेलो, आणि तेथे माझे पाय थांबले. पिळाच्या खांबांपलीकडे अंगण होते, अंगणात स्मारांदा शाल घेऊन उभी होती, परंतु माझा पाय उंबरठ्यावरून उचलेना. आतून कोणी ओढीत नव्हते. केवळ बाहेर जाऊ नये असे वाटत होते, जसे थंडीत अंथरुणातून उठू नये असे वाटते. तो मृदुपणा मला सर्व भयापेक्षा अधिक भयंकर वाटला. स्मारांदा आली, तिने माझा हात धरून मला खेचले.

“चल. मामालिगा गार होतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्ट्या पाहावयास परत गेलो. तेव्हाची सवय आजतागायत सुटलेली नाही. पुढे प्रार्थना सुरू झाल्या आणि मला तेथेच राखणदाराची नोकरी मिळाली. राखणदार हा शब्द कागदावर पाहिला तेव्हा माझी सही वाकडी झाली. मी कधी दुसऱ्या गावी मुक्काम केलेला नाही. मुलीच्या लग्नालाही गाडीने जाऊन गाडीने परत आलो. स्मारांदा शेजारणींना सांगते, “हा पंच्याऐंशीतच मेला, फक्त जेवायला घरी येतो.”

पांदेलेकाका त्यानंतर अकरा वर्षांनी आपल्या बिछान्यात वारले. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून मेणबत्तीसाठी त्यांचे माप मीच घेतले. दोन सुतळ्या मापल्या. एकीची वात केली. दुसरी सतराव्या पट्टीखालच्या भेगेत बोटाने सारली आणि वरून चुना फिरविला. साल्वीनाबाईंची सुतळी परत आणणे माझ्या हाती नव्हते. हे हाती होते. त्या सकाळी मी प्रथमच त्या पट्टीपाशी न घाबरता उभा राहिलो, परंतु ते सायंकाळपर्यंतच टिकले. ऊन उतरू लागले की आजही मी उंबरठ्यावर येतो, पाय उचलतो का ते पाहतो, आणि तो उचलेपर्यंत श्वास रोखून धरतो.

परदेशी पाहुणे ओसरीच्या खांबांशी उभे राहून छायाचित्रे काढतात तेव्हा मी त्यांना नम्रपणे एकच सांगतो, की सावली सांभाळा. वाटाडी बाई त्याचे भाषांतर करीत नाही.

येथवर धीराने वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. शब्दांत जे उणे राहिले असेल ते सातव्या इयत्तेचे समजून पोटात घालावे.

निकिफोर द्रागोमिर,
चाळणीवाल्यांचे चर्च, बुखारेस्ट